नाताळ २५ डिसेंबरलाच का?

बेथलेहेमच्या ख्रिस्तजन्म चर्चच्या आवारात नाताळ तीनदा येतो. २४ डिसेंबरच्या मध्यरात्री कॅथलिकांचा मिस्सा होतो. ६ आणि ७ जानेवारीला ग्रीक ऑर्थोडॉक्स, सीरियाई आणि कॉप्टिक मंडळींचा सण असतो. १८ आणि १९ जानेवारीला आर्मेनियन लोकांचा. चर्चखालच्या भुयारात उतरलं की संगमरवरी फरशीत बसवलेला चौदा टोकांचा चांदीचा तारा दिसतो. त्यावर लॅटिनमध्ये कोरलंय, ‘इथे कुमारी मरियेपोटी येशू ख्रिस्त जन्मला’, आणि पुढे साल, १७१७. हा तारा १८४७ मध्ये चोरीला गेला. त्यावरून पेटलेला वाद पुढे क्रिमियाच्या युद्धाच्या कारणांत मोजला गेला. आजचा तारा त्यानंतर बसवलेला. जन्म कुठे झाला याबद्दल या सगळ्या पंथांचं एकमत आहे, कधी झाला याबद्दल मात्र नाही.

दर डिसेंबरात आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतो: २५ डिसेंबर हा मुळात रोमन लोकांच्या सूर्यदेवाचा सण, ख्रिस्ती लोकांनी तो उचलला. याच्या उलट, ही तारीख बायबलमध्येच आहे असं मानणारेही पुष्कळ भेटतात. यातलं दुसरं म्हणणं सरळ चूक आहे. पहिल्यात तथ्य आहे, पण इतिहास त्याहून बराच गुंतागुंतीचा आहे, आणि मला वाटतं तो नीट समजून घेण्याजोगा आहे.

आधी बायबल काय सांगतं ते पाहू. येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी मार्क आणि योहान यांत येशूच्या जन्माची कथाच नाही. मत्तय आणि लूक यांत ती आहे, पण दोघेही तारीख देत नाहीत, महिनाही नाही. लूक सांगतो की त्या रात्री मेंढपाळ रानात राहून कळप राखत होते. डिसेंबरात बेथलेहेमच्या टेकड्यांवर कडाक्याची थंडी असते, तेव्हा कळप उघड्यावर कसे असतील, असा प्रश्न त्यावरून विचारला जातो. पण एवढ्या एका वाक्यावरून ऋतू ठरवणं मला धाडसाचं वाटतं. सालाचंही तसंच. मत्तयाच्या म्हणण्याप्रमाणे येशू जन्मला तेव्हा हेरोद राजा जिवंत होता, आणि बहुतेक इतिहासकारांच्या मते तो इसवी सनापूर्वी ४ मध्ये वारला. म्हणजे ज्याच्या जन्मापासून इसवी सन मोजायचा, तोच त्या सनाच्या काही वर्षं आधी जन्मलेला. हा घोळ ५२५ साली रोममध्ये कालगणना मांडणाऱ्या डायोनिसियस एक्झिग्यूअस या साधूच्या हिशेबातला.

सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांना या तारखेची विशेष ओढही नव्हती. त्यांचा मोठा सण पुनरुत्थानाचा, म्हणजे ईस्टर. हुतात्म्यांचाही मृत्युदिन पाळायचा, कारण तोच त्यांचा स्वर्गातला जन्मदिवस. तिसऱ्या शतकातला अलेक्झांड्रियाचा विद्वान ऑरिजेन तर लिहून गेला की पवित्र शास्त्रात वाढदिवस साजरे करणारे दिसतात ते फारो आणि हेरोद यांच्यासारखे पापीच. त्याच्या थोडं आधी, इसवी सन २००च्या सुमारास, त्याच शहरातला क्लेमेंट सांगतो की काही जण येशूच्या जन्माचा दिवसही शोधू लागले आहेत. त्याने नोंदवलेल्या इजिप्शियन तारखा आजच्या हिशेबाने कुठे १९-२० एप्रिल, कुठे २० मे अशा येतात. त्या यादीत २५ डिसेंबर नाही.

ही तारीख पहिल्यांदा स्पष्ट दिसते ती रोममध्ये. ३५४ साली फ्यूरियस डायोनिसियस फिलोकॅलस नावाच्या नामांकित सुलेखनकाराने व्हॅलेंटिनस या श्रीमंत ख्रिस्ती माणसासाठी एक सचित्र ग्रंथ तयार केला. त्यात सगळ्या प्रकारच्या याद्या एकत्र बांधल्या आहेत: सणांचं सरकारी कॅलेंडर, राशींची चित्रं, कॉन्सलांची नावं, रोमच्या बिशपांचे आणि हुतात्म्यांचे स्मृतिदिन. हुतात्म्यांच्या यादीची पहिलीच ओळ अशी: जानेवारीच्या कॅलेंड्सआधीचा आठवा दिवस, यहुदियातल्या बेथलेहेमात ख्रिस्त जन्मला. कॅलेंड्स म्हणजे महिन्याची एक तारीख. रोमन लोक तिथून उलटं मोजत आणि तो दिवसही धरत, म्हणून आठवा दिवस म्हणजे २५ डिसेंबर. ही यादी ग्रंथाहून जुनी आहे, ती ३३६च्या सुमाराला तयार झाली असं अभ्यासक मानतात.

आता त्याच ग्रंथातलं सरकारी कॅलेंडर उघडायचं. डिसेंबरच्या पानावर त्याच दिवसापुढे लिहिलंय, ‘इन्विक्टसचा जन्मदिवस’, आणि पुढे ३० रथशर्यतींची नोंद. इन्विक्टस म्हणजे अजिंक्य, आणि इथे तो सूर्यच असावा असं बहुतेक सगळे धरतात. व्हॅलेंटिनससारखा ख्रिस्ती माणूस हे दोन्ही एकाच ग्रंथात बाळगत होता. चौथ्या शतकातलं रोम कसं होतं याचं याहून बोलकं पान मला माहीत नाही.

‘सण उचलला’ हे म्हणणं या पानावर उभं आहे, आणि त्याला इतर आधारही आहेत. सम्राट ऑरेलियनने २७४ साली रोममध्ये अजिंक्य सूर्याचं मोठं मंदिर उभारून त्या पूजेला राजाश्रय दिला. रोमन परंपरेत २५ डिसेंबर हा वर्षातला सर्वांत लहान दिवस मानला जाई, म्हणजे उत्तरायणाचा आरंभ. तिथून प्रकाश वाढू लागतो, तेव्हा सूर्याचा जन्म त्या दिवशी मानणं स्वाभाविक होतं. (प्रत्यक्ष आकाशात हा क्षण चौथ्या शतकापर्यंत चारेक दिवस आधीच सरकला होता, पण लोक जुनीच तारीख धरून होते.) आजच्या सेंट पीटर्स बॅसिलिकाखाली जुनं दफनस्थान आहे. तिथल्या एका कबरीच्या छतावर मोझेइकमध्ये रथ हाकणारा, डोक्यामागे किरणं असलेला सूर्य आहे, आणि तो ख्रिस्तच असल्याचं सर्वसाधारणपणे मानलं जातं. पाचव्या शतकात पोप लिओ यांनी नाताळच्या प्रवचनात तक्रार केली की काही ख्रिस्ती माणसं सेंट पीटर्सच्या पायऱ्या चढून वर आली की मागे वळून उगवत्या सूर्यापुढे मान लववतात. पुढे बाराव्या शतकातल्या डायोनिसियस बार सलीबी या सीरियाई लेखकाच्या हस्तलिखितात कुणीतरी समासात स्पष्टच लिहून ठेवलं की लोक सूर्याच्या सणात रमत, म्हणून धर्मगुरूंनी ख्रिस्तजन्म ६ जानेवारीवरून २५ डिसेंबरला आणला.

मग यात अडचण कुठे आहे? एक म्हणजे ही समासातली टीप घटनेनंतर जवळजवळ आठशे वर्षांनी लिहिलेली. चौथ्या-पाचव्या शतकातला कोणताही ख्रिस्ती लेखक आपण तारीख सूर्यपूजकांकडून घेतली असं म्हणत नाही. सूर्य हे ख्रिस्ताचं प्रतीक आहे असं ते सांगतात, पण ते वेगळं. दुसरं, सूर्याच्या जन्मदिवसाची २५ डिसेंबर ही सर्वांत जुनी नोंद ज्या ग्रंथात सापडते, तो हाच ३५४चा ग्रंथ. ऑरेलियनने मंदिर त्याच तारखेला वाहिलं असं छातीठोकपणे सांगणारे सांगतात, पण तसा पक्का पुरावा नाही. मग आधी कोण आणि नंतर कोण, हे एका पानावरून कसं ठरवायचं? आणि सॅटर्नेलियाचं नाव या चर्चेत हमखास येतं, तो सण १७ डिसेंबरला सुरू होऊन लांबला तरी २३ला संपत असे. मेजवान्या आणि भेटवस्तू यांचं वातावरण त्यातून आलं असेल, तारीख नाही.

दुसरं स्पष्टीकरण हिशेबाचं आहे. ते फ्रेंच इतिहासकार लुई दुशेन यांनी १८८९ मध्ये मांडलं, आणि ते पहिल्यापेक्षा कमी ऐकायला मिळतं, कारण ते सांगायला थोडा वेळ लागतो.

येशूच्या मृत्यूचा काळ शुभवर्तमानांत पक्का आहे, वल्हांडण सणाचा. वल्हांडण यहुदी चांद्र कॅलेंडरवर चालतो. रोमन सौर कॅलेंडरमध्ये त्या विशिष्ट वर्षी तो कोणत्या तारखेला आला असेल, याचा हिशेब ख्रिस्ती मंडळी दुसऱ्या शतकापासून करत होती. कार्थेजचा टर्टुलियन २००च्या सुमारास सांगतो की येशूला क्रूसावर चढवलं ते २५ मार्चला. रोमन परंपरेत हाच वसंतसंपाताचा, म्हणजे वसंतात दिवस-रात्र सारखे होण्याचा दिवस. आता यात एक जुनी समजूत मिसळा: थोर पुरुषाचं आयुष्य पुरं भरतं, अर्धवट दिवस शिल्लक राहत नाहीत, म्हणून तो ज्या दिवशी येतो त्याच दिवशी जातो. तालमुद या यहुदी धर्मग्रंथात याच धर्तीवर अब्राहामासारख्या मूळ पुरुषांच्या जन्म-मृत्यूच्या महिन्यांवर रब्बींचा वाद आहे. दोघांच्या मते जन्म आणि मृत्यू एकाच महिन्यात, फक्त तो महिना निसान की तिश्री यावर मतभेद. ख्रिस्ती लोकांनी येशूचं येणं जन्मापासून न धरता गर्भधारणेपासून धरलं. २५ मार्चला गर्भधारणा, त्यात नऊ महिने मिळवा: २५ डिसेंबर.

ही मागाहून जुळवलेली कल्पना नाही. संत ऑगस्टीन पाचव्या शतकाच्या सुरुवातीला त्रैक्यावरच्या आपल्या ग्रंथात हेच लिहितात: ज्या २५ मार्चला तो गर्भात आला, त्याच दिवशी त्याने दुःख सोसलं, आणि जन्म २५ डिसेंबरचा, असं परंपरा सांगते.

याच हिशेबाचा एक धागा गोव्यात दर पावसाळ्यात दिसतो. लूक सांगतो की मरियेला देवदूताने निरोप दिला तेव्हा तिची नातलग एलिझाबेथ सहा महिन्यांची गरोदर होती. म्हणजे एलिझाबेथचा मुलगा, बाप्तिस्मा देणारा योहान, येशूच्या सहा महिने आधी जन्मला. २५ डिसेंबरातून सहा महिने काढले की येतो जून. पण २५ जून नाही, २४, कारण जून तीस दिवसांचा आणि जुलैच्या एक तारखेपासून उलट मोजलेला आठवा दिवस २४लाच येतो. त्याच २४ जूनला गोव्यात सांजांव, म्हणजे या योहानाचा सण असतो. डोक्यावर पानाफुलांचं कोपेल घालून विहिरीत, तळ्यात, ओहोळात उड्या मारणाऱ्या तरुणांच्या त्या दिवसाची तारीख रोमन उलट्या मोजणीने ठरलेली आहे.

दोन्ही स्पष्टीकरणांत मला हिशेबाचं अधिक पटतं, आणि त्याचं कारण ६ जानेवारी. पूर्वेकडे, म्हणजे आशिया मायनरच्या बाजूला, येशूच्या मृत्यूचा दिवस स्थानिक ग्रीक कॅलेंडरवरून ६ एप्रिल धरत. त्यात नऊ महिने मिळवले की नेमका ६ जानेवारी येतो, आणि पूर्वेकडच्या चर्चांत ख्रिस्तजन्म ६ जानेवारीलाच साजरा होई. सूर्याच्या सणावरून तारीख घेतली असती तर पूर्व आणि पश्चिम यांच्या तारखा दोन्हीकडे मृत्यूच्या मानलेल्या दिवसापासून बरोबर नऊ महिन्यांवर कशा आल्या? तरीही सूर्य यात नव्हताच असंही म्हणता येत नाही. २५ मार्च संपाताचा म्हणून निवडला गेला असणार, २५ डिसेंबर उत्तरायणाचा म्हणून लोकांना लगेच पटला असणार. ऑगस्टीन स्वतः प्रवचनात सांगतात की ख्रिस्ताने सर्वांत लहान दिवस निवडला, ज्यानंतर प्रकाश वाढतो. एकाच आकाशाकडे पाहून सूर्यपूजकांनी आणि ख्रिस्ती लोकांनी आपापला अर्थ लावला, असं माझं मत आहे. कोणी कोणाचं पळवलं हा प्रश्नच त्यामुळे थोडा बाजूला पडतो.

पुढे दोन्ही तारखांची देवघेव झाली. ३८६ साली अंत्युखियात जॉन क्रिसोस्टम प्रवचनात सांगतात की २५ डिसेंबरचा सण आपल्याकडे येऊन अजून दहा वर्षंही झालेली नाहीत. यरुशलेमने ही तारीख सहाव्या शतकात स्वीकारली. पश्चिमेनेही ६ जानेवारी घेतला, पण मागी, म्हणजे बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक, यांच्या भेटीचा दिवस म्हणून. ५६७ मध्ये फ्रान्समधल्या तूरच्या धर्मसभेने या दोन सणांमधले सगळे दिवस सणाचेच ठरवले, नाताळचे बारा दिवस म्हणतात ते हे. आर्मेनियन चर्चने मात्र बदल मानला नाही. तिथे जन्म आणि बाप्तिस्मा एकत्र, आजही ६ जानेवारीला.

गोव्यात ६ जानेवारीला याच मागींचं, म्हणजे तीन राजांचं फेस्त असतं, रेईश मागुश, चांदोर आणि कासावलीला. कासावलीची पद्धत पाहण्यासारखी. आसपासच्या तीन गावांमधून एकेक मुलगा राजा होतो, जरीचा झगा आणि मुकुट घालून घोड्यावर बसतो, आणि तिघेही आपापल्या वाटेने कुवेलीच्या डोंगरावरच्या रेमेदियुश मायच्या कपेलाकडे चढतात. मत्तयाच्या शुभवर्तमानात ते राजे नाहीत आणि तीन आहेत असंही म्हटलेलं नाही. सोनं, ऊद आणि गंधरस अशा भेटी तीन, म्हणून माणसंही तीन झाली.

मग ७ जानेवारी आणि १९ जानेवारी या तारखा आल्या कुठून? इथे धर्माचा संबंध कमी, कॅलेंडरचा जास्त. जुलियस सीझरने लावून दिलेलं कॅलेंडर वर्ष ३६५ दिवस आणि ६ तासांचं धरतं. ऋतूंचं खरं वर्ष त्याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान आहे. ११ मिनिटं म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण साधारण १२८ वर्षांत एक दिवस चुकतो. सोळाव्या शतकात वसंतसंपात ११ मार्चवर आला होता, आणि त्यावर ईस्टरची तारीख अवलंबून असल्याने पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये दुरुस्ती केली: ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर. पोपचा हुकूम म्हटल्यावर ऑर्थोडॉक्स चर्चांनी तो घेतला नाही. प्रोटेस्टंट इंग्लंडनेही १७५२ पर्यंत वाट पाहिली.

आज जुनं कॅलेंडर १३ दिवस मागे आहे. रशियन आणि सर्बियन चर्च नाताळ २५ डिसेंबरलाच करतात, फक्त तो जुन्या कॅलेंडरचा २५ डिसेंबर, आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात ७ जानेवारी. बेथलेहेमचे आर्मेनियन जुनं कॅलेंडरही पाळतात आणि जुनी तारीखही, म्हणून ६ अधिक १३, १९ जानेवारी. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. टिळक पंचांग मानणाऱ्या घरात संक्रांत इतरांच्या काही दिवस आधी येते. सण एकच, श्रद्धाही तीच, गणिताचा आरंभबिंदू वेगळा.

या गणिताला राजकारणाचीही धार असते. रशियाशी युद्ध सुरू असताना युक्रेनने २०२३ मध्ये कायदा करून नाताळची सरकारी सुट्टी ७ जानेवारीवरून २५ डिसेंबरला आणली, आणि तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चनेही त्या वर्षी कॅलेंडर बदललं. जे जुन्या कॅलेंडरवर राहतील त्यांचा नाताळ २१०१ पासून ८ जानेवारीला येईल, कारण २१०० हे वर्ष जुन्या हिशेबात लीप आहे आणि नव्या हिशेबात नाही.

सणाच्या सजावटीचा इतिहास तारखेपेक्षा पुष्कळ अलीकडचा आहे. वसईपासून गोव्यापर्यंत घरोघरी गोठा मांडतात, त्याची प्रथा रुजवण्याचं श्रेय फ्रान्सिस ऑफ असिसी यांना दिलं जातं. इटलीतल्या ग्रेच्चो गावी १२२३ मध्ये त्यांनी खरं गवत, खरा बैल आणि खरं गाढव आणून मध्यरात्रीचा मिस्सा करवला. बैल आणि गाढव शुभवर्तमानातल्या जन्मकथेत नाहीतच, ते यशया संदेष्ट्याच्या एका ओळीतून आले. ख्रिसमस ट्रीला कुणी सहज हजारो वर्षं मागे नेतं, पण घरात फरचं झाड उभं करून त्यावर कागदी गुलाब आणि सफरचंदं टांगल्याचं नीट वर्णन स्ट्रासबर्गहून १६०५ मध्ये मिळतं. ती जगभर गेली ती १८४८ नंतर, राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचं झाडाभोवतीचं चित्र लंडनच्या साप्ताहिकात छापून आल्यावर.

‘हा मूर्तिपूजकांचा सण आहे’ हा आरोप सर्वांत जोराने केला तो ख्रिस्ती लोकांनीच. अठराव्या शतकात जर्मन प्रोटेस्टंट विद्वान याब्लोन्स्की यांनी तो अभ्यासपूर्वक मांडला, पण त्याआधीच इंग्लंडमधल्या प्युरिटन या कडव्या प्रोटेस्टंट पंथाने तो अंमलात आणला होता. ज्या सणाला बायबलचा आधार नाही तो पाळायचा नाही, या तत्त्वावर इंग्लंडच्या संसदेने १६४७ मध्ये नाताळ रद्द केला. त्या २५ डिसेंबरला कँटरबरीच्या महापौराने दुकानं उघडायला लावली तेव्हा शहरात दंगल उसळली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला. स्कॉटलंडमध्ये २५ डिसेंबरची सार्वजनिक सुट्टी १९५८ साली मिळाली.

याच इंग्लंडमधून, कॅथलिकांवर तिथे कडक निर्बंध असताना, फादर थॉमस स्टीफन्स निघाले आणि १५७९ मध्ये गोव्यात पोहोचले. मराठी शिकले, आणि बेथलेहेमची जन्मकथा त्यांनी ओवीत लिहिली. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातल्या राशोलला रोमन लिपीत छापलं गेलं. त्याची दुसरी आवृत्ती १६४९ची, तिसरी १६५४ची. या दोन्ही वर्षी त्यांच्या मायदेशात नाताळवर बंदी होती.